नानाचा अंगठा

(साक्षरता वर्गांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

दसरा झाल्यावर आमच्या गावच्या रात्रीच्या वर्गाने एक लहानशी सहल काढली. सहल दीड दिवसाची. जुन्नरचा शिवनेरी किल्ला, लेण्याद्रीची लेणी आणि नाणेघाट, एवढेच आम्ही पाहिले. त्या सहलीची हकीगत तुम्हांला सांगावी, असे ठरवून आज आम्ही उभे आहोत. जी ठिकाणे पाहिली त्यांची माहिती तर सांगूच. पण आमच्या हातून तिथे एक चूक झाली, तीही सांगणार आहोत. चूक लपवून ठेवली तर सहलीचा अर्धा फायदा गेला म्हणायचे.

सहलीला माणसे एकोणीस. त्यांत शेतकरी होते, मोलमजुरी करणाऱ्या बाया होत्या, एक गवंडी होते. त्यांना आम्ही मिस्त्री म्हणतो. सत्तरी ओलांडलेली एक आजी होती. आणि एक बाबा होते.

या बाबांविषयी आधी चार शब्द सांगायला हवेत. पंचवीस वर्षांमागे त्यांच्या मुलीचे लग्न निघाले. पैसे कमी पडले. ज्याच्याकडून कर्ज घेतले त्याने त्यांना तालुक्याला नेले आणि कागदावर दोन ठिकाणी अंगठा घेतला. "जमीन तारण लिहून दिलीत, पैसे फेडलेत की मोकळे," असे सांगितले. पुढे पैसे घेऊन गेले तेव्हा कळले, की ते तारण नव्हते, खरेदीखत होते. विहिरीजवळची वीस गुंठे जमीन गेली. कोर्टात गेले, तर तिथेही तोच अंगठा पुढे आला. अंगठा खरा होता. बाबा काय बोलणार?

सहलीचा बेत आम्ही वर्गात सांगितला. नाणेघाटाच्या तोंडाशी एक मोठा कडा आहे, त्याला नानाचा अंगठा म्हणतात, तोही पाहू, असे म्हणालो. सगळे हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, अंगठा बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? उभा जन्म तोच बघितलाय."

पण आले. वर्गणी प्रत्येकी ७०० रुपये होती, ती त्यांनी सगळ्यांच्या आधी दिली.

शनिवारी सकाळी एस.टी. धरली. गाडीच्या कपाळावरची पाटी आजीने वाचली : "जु, न्न, र." जोडाक्षरावर थोडी अडखळली, पण वाचली. मागे अष्टविनायकाच्या यात्रेला गेली होती, तेव्हा प्रत्येक गाडीपाशी उभी राहून लोकांना विचारी, "ही कुठं जाती रं?" काही लोक सांगत, काही न ऐकल्यासारखे करीत. त्या दिवशी तिने कुणाला विचारले नाही. उलट मागून आलेल्या दोन मुलींनी तिलाच विचारले, आणि आजीने ऐटीत सांगितले, "जुन्नर. बसा."

दुपारी जुन्नरला पोचलो. गावाच्या पश्चिमेला शिवनेरी उभा आहे. खालून पाहिले तर डोंगराच्या माथ्यावर काळ्या कातळाचा एक मोठा ठोकळा ठेवल्यासारखा दिसतो. चढण सोपी आहे, पायऱ्या बांधलेल्या आहेत. वाटेत एकामागून एक सात दरवाजे लागतात. एक दरवाजा ओलांडून माणूस वर आला, की पुढच्या दरवाजातल्या शिपायाच्या माऱ्यात सापडायचा. मिस्त्रींनी प्रत्येक दरवाजाची कमान हाताने चाचपून पाहिली. म्हणाले, "दगड दगडाला धरून आहे. वरचं ओझं जितकं जास्त, तितकी कमान घट्ट."

वाटेवर शिवाई देवीचे देऊळ आहे. महाराजांचे नाव या देवीवरून ठेवले, असे परंपरेने सांगतात. माथ्यावर धान्य साठविण्याचा अंबरखाना आहे. गंगा आणि जमुना नावाची पाण्याची टाकी आहेत. पुढे गेले, की ती दुमजली इमारत लागते. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म इथे झाला. आत शिरताना कुणी सांगितले नाही तरी सगळ्यांनी वहाणा बाहेर काढून ठेवल्या.

इथे आम्ही एक गोष्ट सांगितली. ती पुष्कळांना ठाऊक नसते. महाराजांचा जन्म ज्या किल्ल्यावर झाला, तो किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. जन्माच्या वेळी तो निजामशाहीत होता. पुढे मोगलांकडे गेला. महाराजांनी तो घेण्याचा प्रयत्न केला, पण यश आले नाही. मराठ्यांकडे तो आला शाहू महाराजांच्या काळात, १७१६ साली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी.

सगळे गप्प झाले. बाबा तटाजवळ बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे जन्मगाव त्यांचं, आणि सातबारा दुसऱ्याचा."

कुणाला हसावे की काय करावे कळेना. मग बाबाच थोडे हसले, आणि आम्ही सगळे हसलो. पण त्यांच्या मनात काय चालले होते ते आम्हांला समजायला हवे होते. तेवढे त्या वेळी समजले नाही.

किल्ल्यावर आणखी एक पाटी वाचली. २०२५ साली युनेस्को या जागतिक संस्थेने मराठ्यांचे बारा किल्ले जगाचा वारसा म्हणून आपल्या यादीत घेतले. त्यांत शिवनेरी आहे. 'वारसा' हा शब्द फळ्यावर लिहून झाला होता, तरी त्याचा अर्थ विचारला. एक जण म्हणाला, "वारसा म्हणजे वारस लावतात तो." बरोबरच आहे. तलाठ्याच्या दप्तरी जसे वारस लावतात, तसे या किल्ल्याला आपण सगळे वारस लागलो आहोत. वारसाने घर राखायचे असते.

उतरेपर्यंत अंधार पडला. रात्री गावातल्या एका शाळेत उतरलो. बरोबर आणलेल्या भाकऱ्या, ठेचा आणि पिठले खाल्ले. दमलेली माणसे आडवी झाली ती सकाळी कोंबडे आरवल्यावर उठली.

रविवारी पहाटे लेण्याद्रीला निघालो. जुन्नरपासून हा डोंगर पाचेक किलोमीटरवर आहे. मधे कुकडी नदी ओलांडावी लागते. ऊन कोवळे होते. नदीवर धुके होते. कांद्याच्या वाफ्यांना पाणी सोडलेले होते. एक बाई वाफ्यात वाकलेली होती. तिने मान वर करून आमच्या घोळक्याकडे पाहिले आणि पुन्हा कामाला लागली. आमच्यातल्या बायांनीही तिच्या वाफ्याकडे पाहिले. रोप कसे आहे, तण किती आहे, हे त्यांना न वाचता कळते.

तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलो. वर डोंगराच्या अंगात ओळीने तीसेक लेणी कोरलेली आहेत. सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे, अष्टविनायकांपैकी एक. आजी पूर्वी इथे येऊन गेली होती. तेव्हा तिला गणपती तेवढा ठाऊक होता. या खेपेस पुरातत्त्व खात्याच्या पाटीपुढे उभी राहून तिने एकेक शब्द लावला आणि आम्हांला विचारले, "गुरुजी, हे बौद्ध लेणं लिहिलंय. मग आपला गणपती?"

आम्ही सांगितले : ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंना राहण्यासाठी आणि प्रार्थनेसाठी कोरली. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू फिरत नसत. एका जागी राहत. त्यांच्यासाठी या खोल्या. पुष्कळ काळानंतर इथल्या एका मोठ्या विहारात गणपतीची स्थापना झाली. भोवतालच्या लहान खोल्या अजून तशाच आहेत, त्या भिक्षूंच्या. एकाच छपराखाली दोन काळ नांदतात. आजीने दोन्हीकडे हात जोडले. तिचे काम सोपे झाले.

या विहाराच्या दालनात मिस्त्री फार वेळ थांबले. दालन पन्नास फुटांहून अधिक लांब आणि जवळजवळ तितकेच रुंद आहे, आणि मधे एकही खांब नाही. त्यांनी पावलांनी मोजले. छताकडे पाहिले. मग भिंतीवरचे छिन्नीचे वण दाखवून म्हणाले, "आम्ही खालून वर बांधीत जातो. हे लोक वरून खाली कोरीत आले. आमची वीट चुकली तर काढून दुसरी लावतो. यांना चुकायची सोयच नव्हती."

शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्य आहे, म्हणजे प्रार्थनेची जागा. आत स्तूप आहे, दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा आहेत, खांबांवर जनावरे कोरलेली आहेत. तिथे एक लेख आहे. त्याचा अर्थ तज्ज्ञांनी लावला आहे. हे चैत्य कल्याणच्या एका माणसाने दान दिले. त्याचे नाव सुलसदत्त. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांत असे लेख ठिकठिकाणी आहेत. राजांच्या नावांपेक्षा त्यांत साध्या माणसांची नावे जास्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या संघाने एक लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूचे काम करणारे आणि काशाची भांडी करणारे कारागीर, यांच्या संघांकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवलेली होती. कुणी करंजाची आणि वडाची झाडे लावायला जमिनीचे उत्पन्न तोडून दिले.

"म्हणजे बुरूड आणि कासार यांच्याकडे बँक होती?" एकाने विचारले.

होय, तसेच म्हणायचे. आणि तो व्यवहार तोंडी नव्हता. दगडावर लिहून ठेवला होता. म्हणून तर दोन हजार वर्षांनी आपल्याला कळला.

लेण्याद्री उतरून आम्ही दोन जीपगाड्या ठरविल्या आणि पश्चिमेला निघालो. जुन्नरहून नाणेघाट तीस किलोमीटरच्या आसपास आहे. हा रस्ता मात्र डोळे भरून पाहण्यासारखा. एका अंगाला माणिकडोह धरणाचे पाणी दिसते. चावंडचा किल्ला बराच वेळ सोबत करतो. जसजसे पुढे जावे, तसतसा पाऊस जास्त पडणारा मुलूख लागतो. कांदा मागे राहतो आणि भाताची खाचरे सुरू होतात. भात पिवळे पडले होते. बांधांवर सोनकीची पिवळी फुले अजून टिकून होती. वस्त्यांभोवती हिरड्याची झाडे होती. या भागातले महादेव कोळी लोक हिरडा गोळा करून विकतात. त्यावर त्यांच्या घरात मीठमिरची येते. घाटघर गावाजवळ एका घरी आम्ही पाणी मागितले. घरच्या बाईने पाणी दिले, वर पडवीत बसायला घोंगडी टाकली. आमच्या आजीने तिला आमच्यातल्या शेंगदाण्यांची पुरचुंडी दिली. दोघींची भाषा थोडी निराळी, पण बोलणे थांबेना.

घाटघर सोडले, की रस्ता सपाट माळावरून जातो, आणि एकदम जमीन संपते. समोर काही नाही. नुसते आभाळ. खाली खोल, हिरवे कोकण. डाव्या हाताला जीवधनचा किल्ला आणि त्याच्या कडेला वानरलिंगी नावाचा उभा सुळका. आणि आपण उभे असतो तिथेच, दरीच्या अगदी काठावर, आभाळात घुसलेला तो कडा. तोच नानाचा अंगठा. वारा असा, की बायांना पदर आवरता येईना.

बाबांनी त्या कड्याकडे पाहिले, मग आपल्या अंगठ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत.

कड्याच्या बाजूला खडकात एक अरुंद खिंड आहे. तीच नाणेघाटाची वाट. सातवाहन राजे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखावर राज्य करीत. त्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. समुद्रावर सोपारा आणि कल्याण ही बंदरे. बंदरात उतरलेला माल या घाटाने वर चढायचा, जुन्नरवरून पुढे जायचा. देशावरचा माल खाली उतरायचा. वाटेच्या तोंडाशी दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. घाटाची जकात या रांजणात टाकीत, असे लोक सांगतात. वाटेवर जागोजाग पिण्याच्या पाण्याची टाकी खोदलेली आहेत. आजही घसा सुकलेला माणूस तिथे थांबतो.

खिंडीतून थोडे खाली उतरले, की एक लेणे लागते. आत तिन्ही बाजूंना बसायला दगडी ओटा. मागच्या भिंतीवर पूर्वी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. ते आता नाहीत. कुठे कुठे फक्त पावले उरली आहेत. पण पुतळ्यांच्या डोक्यांवर जी नावे कोरली होती, त्यांतली काही अजून आहेत. माणसाचे शरीर गेले, नाव राहिले. आणि डावी-उजवी भिंत अक्षरांनी भरलेली आहे.

हा लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानतात. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राजाने कोणते यज्ञ केले आणि त्यांत काय काय दान दिले, याचा हिशेब त्यात आहे. हजारो गाई, हत्ती, घोडे, गावे, आणि कार्षापण नावाची नाणी. हिशेब आहे म्हणून आकडे आहेत. आपल्या देशात सापडलेल्या फार जुन्या आकड्यांत हे आकडे मोडतात. एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी.

एका सुनेने विचारले, "राणीचं नाव लिहिलंय? बाईमाणसाचं? राजाच्या जोडीनं?"

लिहिले आहे, असे आम्ही सांगितले. तिने ते कुठे आहे ते बोटाने दाखवायला लावले आणि बराच वेळ पाहत राहिली.

मग आम्ही एक गोष्ट सांगितली, आणि ती तुम्हांलाही सांगतो. ही अक्षरे कोरली तेव्हा वाचणारे लोक होते. पुढे लिपी बदलत गेली. शेकडो वर्षांनी अशी वेळ आली, की देशात एकही माणूस ही अक्षरे वाचू शकत नव्हता. मोठमोठे पंडित या भिंतींपुढे उभे राहिले असते तरी त्यांना काही कळले नसते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली, आणि मग पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनी नाणेघाटातली अक्षरे आणि आकडे अभ्यासले. म्हणजे या अक्षरांपुढे एके काळी सारा देश निरक्षर होता. तेव्हा अक्षर येत नाही म्हणून कुणी मान खाली घालू नये. शिकले, की येते. देशालासुद्धा पुन्हा शिकावेच लागले.

हे सांगण्यात आम्ही गुंग होतो. तेवढ्यात आजी ओरडली, "अहो, बाबा काय करतात बघा!"

बाबा कोपऱ्यात उभे होते. हातात टोकदार दगड. भिंतीवर आपल्या नावाचे पहिले अक्षर काढायला त्यांनी दगड टेकविला होता.

इथे आमची चूक झाली. आम्ही सगळ्यांच्या देखत मोठ्याने ओरडलो, "बाबा! हे काय करता? अडाण्यासारखं?"

दगड त्यांच्या हातून गळून पडला. भिंतीवर ओरखडा उमटला नव्हता. पण बाबांच्या तोंडावर जे उमटले, ते आम्हांला पाहवेना. ते काही न बोलता बाहेर गेले आणि टाक्याच्या काठावर पाठ करून बसले. जाताना एवढेच म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. अडाणीच हाय मी."

'अडाणी' हा शब्द आमच्या वर्गात आम्ही स्वतःच बंद केला होता. पहिल्याच दिवशी सांगितले होते, की इथे कुणी कुणाला असे म्हणायचे नाही. आणि तोच आमच्या तोंडून निघाला. दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. "आपलं नाव लिहायचा सराव करा. जागा मिळेल तिथं लिहा. धुळीत लिहा, चुलीपुढं कोळशानं लिहा," असे बाबांना शिकविले कुणी? आम्हीच ना? कुठे लिहू नये, ते शिकवायचे राहून गेले. पंचवीस वर्षे ज्या माणसाच्या अंगठ्याने त्याला छळले, त्याला आता सही करता येते. अंगठ्याच्या कड्याखाली आपले नाव कोरावे, असे त्याला वाटले, यात नवल काय? शहाणीसुरती, शाळा शिकलेली माणसेही गडांवर आणि लेण्यांत नावे कोरतात. त्यांना तर बाबांसारखे कारणही नसते.

बाबांपाशी जायचा आम्हांला धीर होईना. आजी गेली. त्यांच्या शेजारी बसली. म्हणाली, "भाऊ, एक विचारते. तुमच्या शेताच्या कागदावर कुणी येऊन रेघोट्या ओढल्या, खाडाखोड केली, तर चालंल का?"

"कसं चालंल?"

"मग हा त्या राणीचा कागद हाय. तिनं दगडाचा केला, एवढंच."

बाबा बराच वेळ दरीकडे पाहत राहिले. मग आम्ही जवळ गेलो आणि सगळ्यांसमोर त्यांची क्षमा मागितली. चूक सगळ्यांसमोर केली होती, तेव्हा क्षमाही सगळ्यांसमोर मागायला हवी होती. आमच्या पिशवीत ब्राह्मी अक्षरांचा एक छापील तक्ता होता. तो त्यांच्यापुढे धरला.

ते म्हणाले, "ही काय अक्षरं? एक ओळखीचं नाही."

"एक आहे," आम्ही म्हणालो. "शोधा."

त्यांनी बोट फिरविले. क पाहिला, तो अधिकाच्या खुणेसारखा, एक उभी रेघ आणि एक आडवी. ग पाहिला, तो छपराच्या दोन पाख्यांसारखा. आणि एका जागी बोट थांबले. तिथे नुसते एक वर्तुळ होते.

"हा ठ तर नव्हं?"

ठच होता. बंधुभगिनींनो, आपली कितीतरी अक्षरे बदलत बदलत कुठल्या कुठे गेली, पण ठ या अक्षराचे पोट दोन हजार वर्षांत तसेच गोल राहिले आहे. वर रेघ आली, देठ आला, एवढाच फरक. वर्तुळात टिंब असेल तर तो थ. नुसते वर्तुळ म्हणजे ठ.

"अंगठ्यातला ठ," बाबा म्हणाले.

ते उठून पुन्हा लेण्यात गेले. हात पाठीमागे बांधलेले. भिंतीला बोट न लावता ते डोळ्यांनीच वर्तुळ शोधू लागले. मागच्या भिंतीवर, जिथे पुतळे होते, तिथे 'महारठि' हा शब्द आहे. सातवाहनांच्या काळातल्या मोठ्या सरदारांची ती पदवी. महाराष्ट्र या नावाशी या शब्दाचे नाते असावे, असे काही विद्वान मानतात. त्या शब्दात ठ आहे. तो आम्ही त्यांना दाखविला. बाबांनी तो पाहिला, मिस्त्रींना बोलावून दाखविला, मग आजीला दाखविला. मग ज्याला त्याला दाखवीत सुटले.

जाता जाता कायद्याचेही सांगून ठेवतो. जुनी स्मारके राखण्यासाठी १९५८ साली कायदा झाला. २०१० साली तो अधिक कडक केला. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायद्याच्या भीतीपेक्षा आजीचे बोलणे आम्हांला मोठे वाटते. दुसऱ्याच्या कागदावर आपण खाडाखोड करू नये.

ऊन कलल्यावर निघालो. रात्री उशिरा घरी पोचलो.

सोमवारी वर्गात सहलीचा हिशेब मांडला. आमच्या वर्गात पूर्वी पैशांचा हिशेब झाला, की शाईची गादी फिरायची. या वेळी गादी काढलीच नाही. वही फिरली. हिशेब असा : वर्गणी जमली १३,३०० रुपये. खर्च झाला १२,९२०. शिल्लक ३८०. एकोणीस जणांना प्रत्येकी २० रुपये परत. ज्याने त्याने सही करावी आणि वीस रुपये घ्यावेत.

वही बाबांपुढे आली. आम्ही पेन पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही. म्हणाले, "आधी वाचतो. मग सही."

बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. एस.टी. जीप. तिकिटे. रविवारचा चहा, १९०. पुढे जेवण. त्याच्या पुढे पुन्हा, रविवारचा चहा, १९०. वर्गात चुळबुळ सुरू झाली. कुणी म्हणाले, "बाबा, आटपा, घरी जायचंय." बाबा थांबले नाहीत. शेवटपर्यंत वाचून त्यांनी मान वर केली आणि विचारले, "गुरुजी, रविवारी चहा दोनदा घेतला का आपण?"

एकदाच घेतला होता. घाटघरच्या अलीकडे, टपरीवर. घाईत आम्ही तो दोनदा लिहिला होता. चहाचे १९० रुपये जास्त लागले होते. पुन्हा बेरीज केली. खर्च १२,७३०. शिल्लक ५७०. प्रत्येकी २० नव्हे, ३० रुपये परत.

बाबांनी वहीत दुरुस्ती करवून घेतली. ती पुन्हा वाचली. मग पेन घेऊन सावकाश सही केली. उकार थोडा खाली गेला, पण सही पुरी झाली. तीस रुपये मोजून खिशात घातले.

आम्ही चुकलो याची त्या दिवशी आम्हांला लाज वाटली नाही. खरे सांगायचे तर बरे वाटले. सही करायला शिकविणे सोपे असते. ते महिन्या दोन महिन्यांत होते. पण न वाचता सही करणारा माणूस आणि अंगठा देणारा माणूस, या दोघांत फरक तो काय? दोघांच्याही हातून शेत जाऊ शकते. म्हणून तुम्हां सर्वांना आमची विनंती आहे. कागद पुढे आला, की घाई करू नका. बँकेचा असो, सोसायटीचा असो, घरच्या माणसाने आणलेला असो. वाचा. शब्द अडला तर विचारा. समोरचा म्हणेल, "आटपा लवकर." त्याला सांगा, "आधी वाचतो. मग सही."

आणि जमेल तेव्हा एकदा नाणेघाटाला जाऊन या. पाऊस सरला, की जावे. पावसात त्या कड्यावर पाय घसरतो. पाणी आणि भाकरी बरोबर न्यावी, कचरा परत आणावा. लेण्यात गेलात, की हात पाठीमागे बांधा आणि तो गोल ठ शोधा.

पुढच्या आठवड्यात बाबा वर्गाला आले, ते हातात सातबाऱ्याचा उतारा घेऊन. उरलेल्या जमिनीचा. म्हणाले, "हा शिकवा आता." तो सध्या आम्ही फळ्यावर लिहून वाचीत आहोत. जोडाक्षरे फार आहेत. वेळ लागेल.